दर सोळा सेकंदांना एक गाडी

वीस लाख! आकडा उच्चारायला एक सेकंद पुरतो. रोजच्या बातम्यांत लाख-कोटी ऐकून आपले कान इतके सरावलेत की हा आकडा आला काय नि गेला काय, आपण ढिम्म हलत नाही. पण थांबा. हे वीस लाख रुपये नाहीत, की निवडणुकीतली मतं नाहीत. या वीस लाख मोटारी आहेत. प्रत्येकीला इंजिन, प्रत्येकीला चार चाकं, प्रत्येकीला हॉर्न. आणि त्या एकाच कंपनीनं, एकाच वर्षात, आपल्याच देशात बनवल्या आहेत.

२०२४ साल संपायला अजून काही दिवस बाकी होते. डिसेंबरात हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यात लाइनवरून एक एर्टिगा खाली उतरली आणि मारुती सुझुकीचा त्या वर्षाचा हिशेब वीस लाखांवर गेला. एका कॅलेंडर वर्षात वीस लाख गाड्या, कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदाच. शंभरातल्या साधारण साठ हरियाणात बनलेल्या, चाळीस गुजरातेत.

हा आकडा असा हातातून निसटू द्यायचा नाही. चला, कागद-पेन्सिल घ्या. आपण तो मिळून मोजू.

सुरुवात घड्याळापासून. २०२४ हे लीप वर्ष, म्हणजे दिवस ३६६. त्यांचे सेकंद झाले ३ कोटी १६ लाख २२ हजार ४००. भागिले वीस लाख. उत्तर १५.८! म्हणजे सोळा सेकंदही पूर्ण होत नाहीत आणि एक नवी कोरी मोटार तयार. लक्षात घ्या, यात रात्र धरली आहे, रविवार धरले आहेत, दिवाळी आणि होळीही धरली आहे. सुट्ट्या वजा केल्या तर वेग आणखी वाढेल. आपण कंपनीला सुट्टी न देता मोजतोय, तरी सोळा सेकंद. मिनिटाला जवळपास चार गाड्या. तासाला २२८. दिवसाला साधारण ५,४६०.

संध्याकाळी मुंबईहून डेक्कन क्वीन सुटते. खंडाळ्याचा घाट चढून सव्वातीन तासांत ती पुण्याला पोचते. तेवढ्या वेळात किती गाड्या तयार झाल्या? ७४०! तुम्ही कर्जतला वडा घेतलात, लोणावळ्याला खिडकीबाहेर पाहिलंत, शिवाजीनगरला बॅग खाली काढलीत, आणि तिकडे एका अख्ख्या उपनगराला पुरतील एवढ्या मोटारी रांगेत उभ्या राहिल्या.

हा वेग किती अचाट आहे ते कळायला थोडं मागे जावं लागेल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या रस्त्यावर मुख्यतः दोनच गाड्या दिसायच्या. कोलकात्याकडची ॲम्बॅसेडर आणि आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. तेव्हा अख्ख्या भारतात सगळ्या कंपन्यांच्या मिळून वर्षाला चाळीसएक हजार मोटारी विकल्या जात. आता हा आकडा आपल्या रोजच्या ५,४६० शी ताडून पाहा. चाळीस हजार गाड्या व्हायला लागतात फक्त सव्वासात दिवस! संपूर्ण देशाचं तेव्हाचं वर्ष आज एका कंपनीच्या जवळपास एका आठवड्यात मावतं.

आता अंतर मोजू. मारुतीच्या बहुतेक गाड्या चार मीटरच्या आतल्या. स्विफ्ट ३.८६ मीटर, वॅगन आर ३.६५, एर्टिगा मात्र ४.३९. सरासरी ३.८ मीटर धरू. एका दिवसाच्या गाड्या नाकाला शेपूट लावून एका रांगेत उभ्या केल्या तर रांग होते जवळपास २१ किलोमीटरची. आठवड्याच्या गाड्या? १४५ किलोमीटर. ओळखीचा वाटतोय ना आकडा? मुंबई-पुणे! सोमवारी मुंबईत पहिली गाडी उभी करायला घ्या. मंगळवारी, बुधवारी एकामागे एक लावत चला. मधे इंचाची फट नाही. रविवारी रात्री रांग पुण्याच्या वेशीवर टेकलेली असेल. पुढच्या सोमवारी शेजारी दुसरी रांग. त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरी. वर्ष संपेल तेव्हा मुंबई ते पुणे अशा पन्नास रांगा झालेल्या असतील. पन्नास!

पण पन्नास पदरी रस्ता आपल्याकडे आहे कुठे? द्रुतगती मार्ग आहे सहा पदरी, लांबी ९४.५ किलोमीटर. त्याच्या सहाही मार्गिका कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत या गाड्यांनी ठासून भरल्या, तर एका वर्षाच्या गाड्या बसवायला तो रस्ता तेरा वेळा भरावा लागेल. तेरा वेळा भरा आणि रिकामा करा, तरी थोड्या गाड्या उरतीलच.

रस्ता पुरत नाही, मग मैदान बघू. दादरचं शिवाजी पार्क २८ एकरांचं. सभा, क्रिकेट, परेड, सगळं पोटात घेणारं मैदान. त्यात गाड्या खेटून लावल्या, दार उघडायलाही जागा ठेवली नाही, तर ते किती दिवसांत भरेल? सव्वातीन दिवसांत! सोमवारी सकाळी सुरुवात केली तर गुरुवारी दुपारी जेवायच्या आत मैदान गच्च. वर्षभराच्या गाड्यांना ११४ शिवाजी पार्कं हवीत.

माणसं बसवून पाहू. गाडीला पाच सीट धरल्या तर वीस लाख गाड्यांच्या सीट होतात एक कोटी. मुंबईच्या लोकलनं रोज सुमारे ७५ लाख लोक प्रवास करतात. लोंबकळणारे, दारात अडकलेले, चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले, सगळे धरून. त्या प्रत्येकाला एका वर्षाच्या नव्या गाड्यांत ऐसपैस जागा मिळेल, सीट बेल्टसकट. सगळे बसले की वर २५ लाख सीट रिकाम्याच!

हे झालं बाहेरून. आता कारखान्यात शिरू.

पोलादाचं भलंमोठं गुंडाळं आत येतं, त्याला तिथे कॉइल म्हणतात. ती उलगडते, सपाट होते, तिचे तुकडे पडतात. प्रेस शॉपमध्ये अवाढव्य प्रेस खाली येतो आणि सपाट पत्र्याचं दार होतं, छप्पर होतं, बॉनेट होतं. पुढे वेल्ड शॉप. इथे माणसं कमी आणि नारिंगी-पिवळे यांत्रिक हात जास्त. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चार-सहा हात आत घुसतात, दोन पत्रे चिमटीत धरतात. एक झगझगीत ठिणगी, हात मागे, पुढचा बिंदू, पुन्हा ठिणगी. असा एकेक टाका घालत पत्र्यांची गाडी होते. मोटारीच्या सांगाड्याला असे तीन ते पाच हजार टाके लागतात. आपण कंजूषपणानं तीन हजारच धरू. वीस लाख गाड्यांचे टाके होतात ६०० कोटी! सेकंदाला १९०! तुमच्या डोळ्याची पापणी एकदा लवेपर्यंत तिकडे पन्नासएक ठिणग्या उडून विझलेल्या असतात.

मग पेंट शॉप. सांगाडा रंगाच्या हौदात बुडी मारून वर येतो, भट्टीत भाजून निघतो, थरावर थर चढतात. आणि मग असेंब्ली लाइन, जिथे मी तासन् तास उभा राहू शकतो. लाइन थांबत नाही, संथपणे सरकत राहते. कामगार गाडीबरोबर दोन पावलं चालतो, आपला भाग बसवतो, बोल्ट पिळतो. ठरलेला जोर लागला की हातातलं यंत्र 'टक्' करतं. दोन पावलं मागे येतो, तोवर पुढची गाडी समोर हजर. एक जण वायरिंग ओवतो, दुसरा डॅशबोर्ड आत सरकवतो. खालून इंजिन वर येतं आणि वरून सांगाडा खाली येतो, दोघांची गाठ पडते. मग काचा, सीट, चाकं. शेवटी गाडी रोलरवर पळते आणि कृत्रिम पावसात न्हाते. वरून, खालून, बाजूंनी पाण्याचे फवारे बसतात. आत एक थेंब दिसला तरी गाडी बाजूला.

एका मोटारीत अगदी बारीकसा स्क्रूही मोजला तर सुमारे तीस हजार भाग असतात. तीस हजार गुणिले वीस लाख. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर शून्यं मावेनात! सहा हजार कोटी भाग. १४० कोटी भारतीयांना वाटले, तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत, तर प्रत्येकाच्या ओंजळीत ४२-४३ भाग येतील. सगळ्या पृथ्वीवर वाटले तरी माणशी सात. आणि हे भाग सेकंदाला १,९०० या वेगानं आपापल्या जागी जाऊन बसताहेत. त्यातला एक जरी वेळेवर आला नाही, तरी गाडी पूर्ण होत नाही. एकोणतीस हजार नऊशे नव्व्याण्णव भागांना मोटार म्हणता येत नाही!

नुसते टायर घ्या. चार रस्त्यावरचे आणि एक डिकीतली स्टेपनी, म्हणजे पाच. वीस लाख गाड्यांचे एक कोटी टायर. एकेक टायर आडवा ठेवून एकावर एक रचत गेलं आणि एकाची जाडी साडेसोळा सेंटिमीटर धरली, तर चळत होते १,६५० किलोमीटर उंच. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे एकावर एक ठेवलेली एक हजार कळसूबाई शिखरं! एक चढताना आपल्या पोटऱ्या बोलायला लागतात. इथे हजार!

टाक्या राहिल्या. स्विफ्टची पेट्रोलची टाकी ३७ लिटरची, आपण सगळ्यांना तीच लावू. वर्षभराच्या नव्या गाड्या फक्त एकदा फुल्ल करायच्या तर लागतील ७ कोटी ४० लाख लिटर. लिटरचा हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून शेतातली विहीर घ्या. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल, काठोकाठ भरलेली. तिच्यात मावतं साधारण साडेतीन लाख लिटर. म्हणजे अशा २१० विहिरी भरून पेट्रोल! एका तालुक्यातल्या किती गावांच्या विहिरी झाल्या बघा. आणि एवढं पेट्रोल फक्त पहिल्या घोटाला.

गाड्या तयार झाल्या, पण त्या गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायच्या कशा? चालवत नेता येत नाहीत, नेल्या तर त्या नव्या कुठे राहिल्या? मोठ्या ट्रेलरवर सात-आठ गाड्या चढतात. पण वीस लाखांना आठनं भागलं की अडीच लाख ट्रेलर होतात. म्हणून आली रेल्वे. मोटारी वाहून नेण्यासाठी मालगाड्या चालवण्याचा परवाना मारुतीनं २०१३ मध्ये घेतला, असा परवाना घेणारी ती देशातली पहिली मोटार कंपनी. आज तिच्या एका रेकमध्ये, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीत, सुमारे २६० गाड्या दुमजली बसतात. एक रेक म्हणजे बत्तीस-तेहतीस ट्रेलर रस्त्यावरून कमी. २०२४-२५ मध्ये रेल्वेनं गेल्या ५ लाख १८ हजार गाड्या. म्हणजे वर्षाला दोन हजार रेक, रोज पाच ते सहा. मुंबई-पुण्याच्या घाटात एका ट्रेलरच्या मागे अर्धा तास रखडलेल्या माणसाला विचारा, यातून पासष्ट हजार ट्रेलर वाचले याचा अर्थ काय!

रेल्वे तर आता थेट कारखान्याच्या आतच शिरली आहे. गुजरातच्या हंसलपूरमध्ये मार्च २०२४ मध्ये आवारातच साइडिंग, म्हणजे गाड्या चढवायचा रेल्वेफाटा, सुरू झालं. जून २०२५ मध्ये मानेसरला ४६ एकरांवर त्याहून मोठं साइडिंग झालं, मोटार कारखान्यातलं देशातलं सगळ्यात मोठं. तिथून वर्षाला साडेचार लाख गाड्या रुळांवर चढू शकतात. लाइनवरून उतरलेली गाडी काही पावलांवरच मालगाडीत. आणि ती जाते कुठवर? ऑक्टोबर २०२५ मध्ये मानेसरहून निघालेली मालगाडी शंभरावर मोटारी घेऊन साडेआठशे किलोमीटरवर काश्मीरच्या अनंतनागला पोचली. वाटेत चिनाब नदी ओलांडून, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवरच्या पुलावरून! त्या पुलात २८ हजार टनांहून जास्त पोलाद आहे. आता जरा वजन करून पाहा. एक गाडी सरासरी ९०० किलोची धरली, तर मारुतीच्या रोजच्या गाड्या भरतात ४,९०० टन. सहा दिवसांच्या गाड्यांचं वजन त्या अख्ख्या पुलाच्या पोलादाएवढं. वर्षभराच्या गाड्यांचं वजन अशा साठाहून जास्त पुलांएवढं!

देशाच्या सीमेवर हा हिशेब संपत नाही. १९८७ मध्ये पाचशे गाड्यांचा पहिला मोठा ताफा हंगेरीला गेला, तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. पाचशे गाड्या युरोपात! २०२४-२५ मध्ये परदेशी गेल्या ३ लाख ३२ हजार. दिवसाला ९११. हंगेरीचा तो सगळा ताफा आता तेरा तासांत भरतो. मुंबई, मुंद्रा आणि पिपावाव या बंदरांवर जहाजांच्या पोटात गाड्यांच्या रांगा शिरत राहतात आणि जवळपास शंभर देशांत उतरतात.

त्या शंभरांत आता कोण आहे सांगू? जपान! मारुती सुरू झाली तेव्हा तंत्रज्ञान जपानचं, पहिल्या गाड्यांचे बहुतेक सुटे भाग जपानहून पेट्यांमधून आलेले. आपण ते जोडायला शिकत होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पिपावाव बंदरातून १,६०० फ्रॉन्क्स गाड्या जपानला निघाल्या. जानेवारी २०२५ च्या अखेरीस गुरुग्राममध्ये बनलेली पाच दारांची जिमनी जपानी बाजारासाठी जाहीर झाली आणि चार दिवसांत ५० हजार जपानी गिऱ्हाइकांनी नाव नोंदवलं. सात सेकंदांना एक नोंदणी! शेवटी सुझुकीला नोंदणीच थांबवावी लागली. एके काळी पद्मिनीसाठी नंबर लावणारा देश आज गाडी बनवतोय आणि जपानी माणूस तिच्यासाठी नंबर लावतोय. यापुढे कुठलाही गुणाकार फिकाच.

तरी रुपयांचा गुणाकार करायलाच हवा, कारण तो थेट चंद्रावर नेतो. २०२४-२५ मध्ये कंपनीची निव्वळ विक्री सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये. पाचशेच्या नोटांत मोजली तर २९० कोटी नोटा. आपली पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब. नोटेला नोट जोडत गेलं तर पट्टी होते ४ लाख ३५ हजार किलोमीटरची. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. पट्टी चंद्राला पोचते आणि पन्नास हजार किलोमीटर शिल्लक राहते! त्या उरलेल्या तुकड्यानं पृथ्वीला एक वेढा घालून वर गाठही मारता येईल.

आणि हीच विक्री वर्षाच्या सेकंदांनी भागा. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ४६ हजार रुपये. हा आकडा नीट लक्षात ठेवा. कारण १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींनी गिऱ्हाइकाच्या हाती दिली, तेव्हा त्या गाडीची किंमत होती ४७ हजार ५०० रुपये. पहिल्या गाडीची जवळजवळ अख्खी किंमत आज एका सेकंदात वसूल होते! तेव्हा गाडीसाठी आगाऊ दहा हजार रुपये भरायचे होते आणि गाडी कुणी पाहिलेली नसताना लाखाहून जास्त लोकांनी ते भरले. शंभर कोटींहून जास्त रक्कम, नुसत्या विश्वासावर. कंपनीपुढचं उद्दिष्ट तेव्हा होतं वर्षाला एक लाख गाड्यांचं. देशात चाळीस हजार खपत असताना एक लाख! अनेकांना ते अशक्य वाटलं होतं. आज एक लाख गाड्या एकोणीस दिवसांत होतात.

आता कोटींकडे वळू, कारण कोटीत शिरल्यावर खरी गंमत आहे. देशात पहिल्या एक कोटी गाड्या विकायला मारुतीला लागली २८ वर्षं आणि २ महिने. बाळ जन्मलं, शाळा-कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न झालं, एवढा काळ. सरासरी दीड मिनिटाला एक गाडी. दुसऱ्या कोटीला लागली ७ वर्षं ५ महिने. सरासरी तेवीस सेकंदांना एक! तिसऱ्या कोटीला ६ वर्षं ४ महिने, वीस सेकंदांना एक! नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन कोटींचा टप्पा ओलांडला.

आणि या तिसऱ्या कोटीच्या सुरुवातीच्या काळात एक असा महिना आहे की त्याचा आकडा सगळ्यांत थक्क करणारा आहे. एप्रिल २०२०. टाळेबंदी. महिन्याला लाखाहून जास्त गाड्या विकणाऱ्या कंपनीनं त्या महिन्यात देशात विकलेल्या गाड्या : शून्य. एकही नाही. प्रेस थांबले, ठिणग्या विझल्या, लाइन जागच्या जागी उभी. त्यानंतर चिपांचा तुटवडा आला, तयार होत आलेल्या गाड्या अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यासाठी अडल्या. त्याआधी २०१२ मध्ये मानेसरला हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा जीव गेला आणि कारखाना महिनाभर बंद राहिला, तो घाव वेगळाच. म्हणजे हा सोळा सेकंदांचा ठेका आपोआप चालत नाही. तो हजारो माणसं रोज, प्रत्येक पाळीत, हातानं धरून ठेवतात. तो एकदा शून्यावर गेला होता, आणि तरीही तिसरा कोटी दुसऱ्यापेक्षा तेरा महिने आधी पुरा झाला! माझ्या मते या सगळ्या हिशेबातली ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे.

या तीन कोटींत कोण कोण आहे? ४७ लाख ऑल्टो, ३४ लाख वॅगन आर, ३२ लाख स्विफ्ट. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख लोक होते. सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत प्रत्येक पुणेकराच्या नावावर एकेक स्विफ्ट करा, पाळण्यातल्या बाळाच्याही, तरी काही हजार उरतीलच. नागपुरात तेव्हा होते २४ लाख. प्रत्येक नागपूरकराला जवळजवळ दोन ऑल्टो! तीन कोटी गाड्या साडेतीन मीटरच्या हिशेबानं एका रांगेत लावल्या तर रांग एक लाख पाच हजार किलोमीटरची. पृथ्वीला अडीच वेढे. मुंबई-पुण्यामध्ये सातशे रांगा.

आणि अजून भर पडतेच आहे. हरियाणातल्या खरखोद्याला आठशे एकरांवर नवा कारखाना उभा राहिलाय, २८ शिवाजी पार्कं मावतील एवढा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं, पहिल्या टप्प्यात वर्षाला अडीच लाख, पुढे दहा लाखांपर्यंत नेण्यासाठी. एकाच आवारातून दहा लाख! गुजरातेत आणखी दहा लाखांच्या कारखान्याची घोषणा झाली, त्यासाठी ३५ हजार कोटी रुपये. कंपनीनं समोर ठेवलेला आकडा होता वर्षाला चाळीस लाखांचा. तो गाठला की आठ सेकंदांना एक गाडी. डेक्कन क्वीनच्या एका फेरीत दीड हजार. ज्या कोटीला अठ्ठावीस वर्षं लागली, तो अडीच वर्षांत!

एवढ्या गाड्या घेणार कोण, असं वाटतंय ना? आता शेवटचा भागाकार. भारतात आज हजार माणसांमागे मोटारी आहेत फक्त चौतीस. सगळ्या कंपन्यांच्या, नव्या-जुन्या मिळून. हे चौतीसचे अडुसष्ट करायचे म्हटलं तर आणखी पावणेपाच कोटी गाड्या लागतील. इथवर आपण मोजलेला सगळा पसारा, गुरुग्राम, मानेसर, हंसलपूर, सेकंदाला १९० ठिणग्या, वर्षाला हजार कळसूबाईंएवढे टायर, हे सगळं फक्त एवढ्याच कामाला जुंपलं, एकही गाडी परदेशी पाठवली नाही, एकही जुनी गाडी मोडीत काढली नाही, तरी लागतील चोवीस वर्षं. चोवीस वर्षं अखंड! आणि इतकं करूनही हजार माणसांमागे गाड्या होतील अडुसष्टच, उरलेले नऊशे बत्तीस जण बसची वाट बघत असतील!